लांबच्या राइडची तयारी आणि पायी चालणाऱ्यांची वाट

१०-१२ किलोमीटर सहज व्हायला लागले की नव्या सायकलस्वाराच्या मनात हमखास एक प्रश्न येतो: ५० कसे होणार? मग बहुतेक जण वेगाच्या मागे लागतात. मीही लागले होते. पुष्कळ राइड झाल्यावर लक्षात आलं की लांब पल्ल्याला दोनच गोष्टी खऱ्या अर्थाने लागतात. हळू चालतानाही सायकल पूर्ण ताब्यात असणं ही एक, आणि हातचं राखून चालवणं ही दुसरी. पायी चालणाऱ्यांच्या मधून जातानाही नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. म्हणून हे दोन्ही विषय इथे एकत्र घेतले आहेत. ज्याला माणसांमधून नीट सायकल काढता येते, त्याला ५० किलोमीटर लवकर जमतात, असा माझा अनुभव आहे.

वेगाची चिंता असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. जगभर होणाऱ्या ब्रेव्हे राइडमध्ये (ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राइडमध्ये) २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटं मिळतात. खाणं, पिणं, थांबणं सगळं धरून सरासरी ताशी १५ किलोमीटरसुद्धा होत नाही. १८९१ मध्ये पहिल्यांदा झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या राइडसाठी आज साधारण १२०० किलोमीटरला जास्तीत जास्त ९० तासांची मुदत असते. तिथेही वेगापेक्षा न थकता चालत राहण्यालाच किंमत आहे.

पायरी १: सायकल अंगाला बसवून घ्या

१० किलोमीटरला जे खटकत नाही ते ४० ला दुखायला लागतं. सुरुवात सीटच्या उंचीपासून करा. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. चालवताना आपण टाच नाही, चवडा ठेवतो, त्यामुळे गुडघ्यात हवा तेवढा हलका बाक आपोआप राहतो. सीट खाली असेल तर गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. जास्त वर असेल तर प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते. मागून कुणाला तरी बघायला सांगा, झुलणारी कंबर लगेच दिसते.

उंची बदलायची तर एका वेळी अर्धा सेंटिमीटरच बदला आणि दोन-तीन राइड करून बघा. नवीन माणूस बहुधा सीट फार खाली ठेवतो, कारण बसल्याबसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं वाटतं. ती सवय मोडा. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा. हे एकदा अंगवळणी पडलं की सीट योग्य उंचीवर ठेवायची भीती जाते.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या कडेच्या नसेवर दाब पडतोय. कोपर किंचित वाकवा, मूठ सैल करा, दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला. पॅडेड शॉर्ट घेतलीत तर ती आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. आतल्या कपड्याची शिवण घासली की तासाभरात कातडी सोलवटते.

पायरी २: निघण्यापूर्वी दोन मिनिटं

हवा, ब्रेक, चेन. हवा किती भरायची याची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते. त्या मर्यादेत, अरुंद टायरला जास्त आणि रुंद टायरला कमी. टायर दगडासारखा टणक केला म्हणजे सायकल जास्त पळते असं नाही. खडबडीत रस्त्यावर उलट हादरे वाढतात आणि माणूस लवकर थकतो. ट्यूबमधली हवा पंक्चर नसतानाही हळूहळू उतरते, म्हणून आठवड्यातून एकदा पंप लावाच. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलून बघा. चेन कोरडी वाजत असेल तर तेलाचे थेंब सोडा आणि जास्तीचं तेल फडक्याने पुसा. पुसलं नाही तर त्यावर धूळ बसून चेन झिजते.

पायरी ३: आधी हळू चालवायला शिका

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. सायकल वेगात असली की तोल आपोआप सांभाळला जातो. चालणाऱ्या माणसाच्या वेगाला आली, म्हणजे ताशी ५ किलोमीटरच्या आसपास, की ती डगमगायला लागते. मग स्वार घाबरून एकतर पाय टेकतो, नाहीतर वेग वाढवून मोकळा होतो. गर्दीत वेग वाढवून तोल सांभाळणं ही सगळ्यात वाईट सवय आहे.

एखादं मोकळं मैदान शोधा आणि आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं द्या.

पहिला सराव असा: २० पावलांची सरळ रेघ ठरवा आणि ती जास्तीत जास्त वेळ लावून पार करा. हलका गिअर टाका, पायडलवर थोडा जोर कायम ठेवा आणि त्याच वेळी मागचा ब्रेक किंचित ओढून धरा. एकीकडून ढकलणं आणि दुसरीकडून रोखणं या दोन्हींच्या मधे सायकल स्थिर होते. पहिल्या दिवशी विश्वास बसत नाही, पण चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला हाताला ते कळतं. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, रेघेच्या टोकाला ठेवा. पुढचा ब्रेक इथे वापरायचा नाही. एवढ्या कमी वेगात हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला तर सायकल बाजूला पडते. कोणत्या हाताचा ब्रेक पुढचा, हे देशादेशांत आणि सायकलीसायकलीत वेगळं असतं, म्हणून आधी खात्री करून घ्या.

दुसरा सराव मागे वळून बघण्याचा. सरळ रेघेवर चालवा आणि खांद्यावरून मागे बघा. बहुतेकांची सायकल ज्या बाजूला बघितलं त्याच बाजूला सरकते, कारण मान वळताना खांदा वळतो आणि खांद्याबरोबर हँडल. हनुवटी खांद्याला लावा, पण विरुद्ध बाजूचा हात सैल ठेवा. रेघ सुटत नाही तोवर करत राहा. हा सराव विसरू नका, पादचाऱ्यांच्या बाबतीत तो पुन्हा येणार आहे.

तिसरा सराव थांबण्याचा. ताशी २० च्या वेगात येऊन ठरलेल्या खुणेवर थांबायचं. दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, वाढत्या जोराने. ब्रेक लागला की अंगाचा भार पुढे जातो, म्हणून पुढचा ब्रेक जास्त काम करतो, आणि म्हणूनच कंबर मागे नेऊन हात ताठ धरायचे. रिमला लागणारे ब्रेक पावसात उशिरा पकडतात, तेव्हा ओल्या दिवशी खूप आधीपासून दाबायला लागा.

पायरी ४: पाय हलके फिरवा

जड गिअरवर जोर लावत चालवणं म्हणजे ताकद, असा एक गैरसमज आहे. त्याने मांड्या लवकर भरून येतात आणि गुडघे दुखतात. १५ सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजा आणि चारने गुणा. नवीन माणसाचे बहुधा मिनिटाला ६० च्या आसपास फेरे होतात. हळूहळू ७५ ते ९० वर या. चढ सुरू होण्याआधी गिअर हलका करा. चढावर अडकल्यावर जोर लावून बदललात तर चेन कुरकुरते आणि कधी निसटते.

पायरी ५: पल्ला वाढवा, पण पायऱ्यापायऱ्यांनी

आठवड्यात तीन राइड पुरतात. दोन छोट्या, एक लांब. लांबची राइड मी अशी वाढवायला सांगते: २०, २४, २८ किलोमीटर, मग एक आठवडा परत २० वर. पुढे ३२, ३६, ४०, आणि परत एक हलका आठवडा ३० चा. मग ४५, आणि दहाव्या आठवड्यात ५०. मधले हलके आठवडे गाळू नका. शरीर मेहनतीच्या दिवशी थकतं आणि विश्रांतीच्या दिवशी बळकट होतं. एखादा आठवडा चुकला तर पुढे उडी मारू नका, मागचंच अंतर परत करा.

जोर किती लावायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जरा कमी करा. राइडचा पहिला एक तृतीयांश हिस्सा मुद्दाम कमी जोरात चालवा. ताजे पाय फसवतात, सगळं सोपं वाटतं, आणि त्याची किंमत शेवटच्या १० किलोमीटरमध्ये मोजावी लागते.

वाऱ्याचा हिशोबही ठेवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून समोरच्या वाऱ्यात नेहमीचा वेग गाठायचा हट्ट म्हणजे स्वतःला लवकर संपवणं. जमेल तेव्हा जाताना वारा समोर आणि येताना पाठीशी असा रस्ता निवडा. समोरच्या वाऱ्यात गिअर एक-दोन पायऱ्या हलका करा, कोपर वाकवा आणि वेग सोडून द्या. पायांचे फेरे तेवढेच ठेवा.

पायरी ६: भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या

स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो तो मर्यादित असतो. तो संपत आला की पायातला जीव निघून जातो, डोकं जड होतं, चिडचिड होते. तोपर्यंत थांबलात तर नंतर खाऊन लगेच उपयोग होत नाही. दीड तासापेक्षा मोठी राइड असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, त्यावरून अंदाज घ्या. पाणी दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. मध्यम हवामानात तासाला अर्धा लिटरच्या आसपास लागतं, उन्हात जास्त. घाम खूप जात असेल तर पाण्यात मीठ-साखर हवी. नुसतं पाणी भराभर ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही धोक्याचं आहे.

रस्त्यात गर्दीचा टप्पा असेल तर त्याच्या आधी थांबून खा. उपाशी आणि थकलेल्या माणसाला समोरचं उशिरा दिसतं आणि राग लवकर येतो.

पायरी ७: पायी चालणाऱ्यांबरोबर

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण लांबची राइड कधी ना कधी बागेतल्या वाटेवरून, नदीकाठच्या रस्त्यावरून किंवा एखाद्या गावाच्या मधून जातेच.

एक प्रसंग सांगते. रुंद वाट होती, पुढे एक आजोबा आणि त्यांचा बोट धरलेला नातू. मी ३५ किलोमीटर करून आले होते, पाण्याची बाटली रिकामी, घरी पोहोचायची घाई. वेग विशीच्या वर होता. जवळ आल्यावर जोरात घंटी वाजवली. आजोबा दचकून एका बाजूला झाले, पोराने हात सोडवला आणि ते दुसऱ्या बाजूला, थेट माझ्या पुढ्यात आलं. दोन्ही ब्रेक लागले आणि चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. पोर रडलं नाही, नुसतं बघत राहिलं. आजोबांचे हात थरथरत होते. मी माफी मागितली, पण तो थरथरणारा हात अजून डोळ्यांपुढे आहे. त्या दिवशी मी घंटी वाजवली ती त्यांनी वाट सोडावी म्हणून. माणूस येतोय हे कळावं म्हणून वाजवली असती तर खूप आधी वाजवली असती आणि वेगही कमी केला असता.

आता हिशोब बघा. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरू. ताशी २० च्या वेगात त्या एका सेकंदात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते, आणि चांगले ब्रेक व कोरडा रस्ता असला तरी थांबायला आणखी चारेक मीटर लागतात. म्हणजे जवळपास १० मीटर. ताशी १० ला हेच अंतर ४ मीटरच्या आत येतं. ताशी ३० ला १७ मीटरच्या आसपास जातं. माणसांच्या जवळ वेग १० वर आणायचा तो यासाठी. आणि यात वेळ किती जातो? ३ किलोमीटरची गर्दीची वाट २० ऐवजी १० च्या वेगाने काढली तर ९ मिनिटं जास्त लागतात. तीन तासांच्या राइडमध्ये ९ मिनिटं.

घंटी २५-३० मीटरवरून वाजवा, एकदा किंवा दोनदा, हलक्या हाताने. मग थांबून प्रतिसाद बघा. माणूस मागे वळून बघतो तेव्हा नीट पाहा: ज्या खांद्यावरून बघितलं त्याच बाजूला त्याची पावलं सरकतात. मैदानातल्या दुसऱ्या सरावात आपली सायकल सरकत होती ना, अगदी तसंच. म्हणून घंटी वाजवल्याबरोबर ओलांडायला जाऊ नका. त्याला वळू द्या, बघू द्या, परत सरळ होऊ द्या, मग पुढे जा. जाताना एक शब्द बोला. "दादा, शेजारून जातेय", "काकू, सावकाश चला, मी थांबते". माणसाच्या आवाजाने सहसा कुणी दचकत नाही, घंटीने दचकतात. ओलांडल्यावर आभार माना.

घंटी सायकलला असलीच पाहिजे. १९६८ च्या व्हिएन्ना रस्ते वाहतूक करारातही सायकलसाठी चालू ब्रेक, पुरेशा अंतरावर ऐकू जाणारी घंटी आणि मागे लाल रिफ्लेक्टर यांचा उल्लेख आहे. पण घंटी वाजवली म्हणून समोरच्याला वाट सोडायला लावण्याचा हक्क मिळत नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून एक तत्त्व स्पष्ट शब्दांत आलं: ज्याच्याकडून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. मोटारीपुढे आपण दुबळे असतो आणि तिथे आपल्याला हे तत्त्व हवं असतं. चालणाऱ्यापुढे आपण मोटारीच्या जागी असतो.

प्रत्येक माणूस वेगळा वाचावा लागतो. लहान मूल सरळ रेषेत चालत नाही, तेव्हा मुलाशेजारून जाताना चालण्याचाच वेग. कुत्रा आणि मालक वाटेच्या दोन कडांना दिसले तर मधे दोरी आहे असंच समजा, ती दुरून दिसत नाही. कानात इअरफोन असलेल्याला घंटी ऐकू जात नाही, आणि ज्याला ऐकूच येत नाही तो बाहेरून ओळखू येत नाही. त्यामुळे प्रतिसाद आला नाही तर परत परत घंटी बडवू नका, वेग कमी करून भरपूर अंतर ठेवून जा, आणि जागा नसेल तर मागे थांबा. पांढरी काठी दिसली तर आधी बोला, मग पुढे जा. काठीच्या टोकापुढून तर कधीच जाऊ नका, काठी चाकात अडकते. गप्पा मारत जाणारा घोळका दिसला तर त्यांच्यामधून वाट काढू नका, कडेने जा. कारण मधून गेलात तर निम्मे एका बाजूला आणि निम्मे दुसऱ्या बाजूला पळतात, आणि एखादा नक्की विचार बदलून परत फिरतो.

मागून येणारी सायकल ऐकू येत नाही, हे आपण विसरतो. पायी चालून बघा एकदा त्याच वाटेवर. पाऊणएक मीटरवरून कुणी सर्रकन गेलं की काळजात कसं धस्स होतं ते कळेल. निदान हात लांब केला तरी लागणार नाही एवढं अंतर ठेवा, आणि तेवढी जागा नसेल तर उतरा.

झेब्रा क्रॉसिंगवर कुणी पाऊल टाकलं की थांबा, नुसता वेग कमी करून त्याच्या पाठीमागून सटकू नका. रात्री पुढचा दिवा खाली रस्त्याकडे वळवा. डोळ्यांवर झोत आला की समोरच्याला काही क्षण काहीच दिसत नाही, आणि तो कुठे पाऊल टाकेल ते त्यालाही सांगता येत नाही.

पायरी ८: सोबत काय ठेवायचं

एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, छोटा पंप, फोन, थोडे पैसे. ट्यूब बदलायचा सराव घरी दोनदा करून ठेवा. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा, सगळा फेरा. तांदळाच्या कणीएवढं काट्याचं टोक रबरात रुतून बसलेलं असतं, बाहेरून दिसत नाही, आतून बोटाला टोचतं. ते काढलं नाही तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते.

पायरी ९: पहिल्या ५० च्या दिवशी

नवीन काहीही वापरू नका. नवे बूट नकोत, नवी सीट नको, आधी न खाल्लेलं काही नको. रस्ता आदल्या दिवशी बघून ठेवा आणि गर्दीचे टप्पे कुठे आहेत ते लक्षात घ्या. शक्य असेल तर ते सकाळी लवकर, माणसं बाहेर पडायच्या आत पार पडतील असं निघा. निम्म्या अंतरावर दहा मिनिटं उतरून पाय मोकळे करा, पण अर्धा तास बसू नका, अंग थंड पडलं की परत निघणं जिवावर येतं.

चाळीस किलोमीटर ओलांडले की खांदे वर चढतात, मूठ आवळते, नजर खाली जाते. दर दहा मिनिटांनी मुद्दाम तपासा: खांदे खाली, कोपर सैल, नजर लांब. नेमक्या याच वेळी घराजवळची, ओळखीची, माणसांनी भरलेली वाट येते. तिथे फार दाटी असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला. १०० मीटर चालायला सव्वा मिनिट लागतं, आणि तीन तास एकाच फेऱ्यात फिरलेले पाय तेवढ्यात चांगले सुटे होतात.